खाकी कव्हराखाली

परत आलेलं पुस्तक मास्तर आधी नाकाशी धरायचे. मग पानांच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, समोर उभ्या असलेल्या पोराकडे चष्म्याच्या वरून बघायचे आणि विचारायचे, "वाचलंस?" पोरगा हो म्हणाला की मान हलवून म्हणायचे, "असं तू म्हणतोस."

पोरगी असली तर "असं तू म्हणतेस." हेडमास्तर असले तर "असं आपण म्हणता." फरक एवढाच. कोणी काही सांगितलं आणि त्यांनी ते जसंच्या तसं खरं मानलं, असं मी तरी पाहिलेलं नाही. असा एखादा माणूस तुमच्याही शाळेत किंवा ऑफिसात असेल. आपण त्याला टाळतो, आणि आपल्याबद्दल त्याला काय वाटतं याची काळजीही करत राहतो.

वास घेण्यामागे त्यांचं शास्त्र होतं. पुस्तकाला बोंबलाचा किंवा चुलीच्या धुराचा वास आला तर ते घरात उघडलं गेलं, म्हणजे वाचलं असण्याचा संभव आहे. खोबरेलाचा वास आला तर ते उशाशी होतं, म्हणजे वाचता वाचता झोप लागली. आणि काहीच वास आला नाही तर ते दप्तरातून बाहेर आलंच नाही. अशा पोराला दुसरं पुस्तक मिळत नसे. तेच पुन्हा घेऊन जावं लागे.

बोईसरच्या आमच्या हायस्कुलात ते ड्रॉइंग मास्तर होते. ड्रॉइंगचे तास थोडे, म्हणून लायब्ररी त्यांच्या गळ्यात मारलेली. लायब्ररी म्हणजे ड्रॉइंग हॉलच्या टोकाला उभी असलेली, जाळीच्या दारांची कपाटं. चावी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात, आणि कोट भर उन्हाळ्यातसुद्धा अंगात.

मी तिथे मराठी शिकवायला लागले ते दिवस एकूणच संशयाचे होते. तारापूरला अणुशक्ती केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. माझे यजमान तिथे ओव्हरसियर. बाहेरून माणसं येत होती, भाड्याने खोली मिळणं मुश्कील झालं होतं. गावच्या लोकांना वाटे की हे बाहेरचे आपल्या जमिनी खाणार. बाहेरच्यांना वाटे की वाणी मापात पाप करतो आणि दूधवाला विहिरीवरून होऊन येतो. मला सगळे 'घाटावरची बाई' म्हणत. माझ्या पाठीमागे काय म्हणत ते मला कधी कळलं नाही. मीही मुळात संशयी. भाजीची जुडी घेतली की आतल्या काड्या उलगडून बघते. तेव्हा या माणसावर माझा संशय लगेच बसला, यात नवल नाही.

कारण होतं ती कव्हरं. लायब्ररीतल्या प्रत्येक पुस्तकाला त्यांनी एकाच रंगाचा जाड खाकी कागद चढवला होता. कण्यावर आकडा. नाव कुठेच नाही. कोणत्या आकड्याखाली काय आहे ते फक्त त्यांना माहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, चुकून दप्तरखान्यात आले. नावं का झाकलीत असं विचारलं तर म्हणाले, "नाव बघून पुस्तक घ्यायला हे काय हॉटेल आहे? पाटी बघितली आणि आत शिरलं?"

पुस्तक मागायला आलेल्या पोराला ते काय आवडतं असं कधी विचारत नसत. पोरं खोटं सांगतात, असं त्यांचं ठाम मत. आवडतं ते सांगत नाहीत, आपल्याला जे ऐकायचं असतं ते सांगतात. म्हणून ते विचारायचे, "घरी शेवटचं भांडण कशावरून झालं?" बेटेगावचा एक मुलगा म्हणाला, बैल विकायचा की ठेवायचा यावरून. दुसरा म्हणाला, आईने नवी चूल मागच्या दाराला घातली म्हणून आजी जेवली नाही. मास्तर ऐकून घ्यायचे, कपाटात हात घालायचे आणि एक खाकी चौकोन पुढे करायचे. मला हा सगळा प्रकार चोंबडेपणाचा वाटायचा. लोकांच्या घरातली भांडणं यांना हवीत कशाला?

पण पोरं पुस्तक घेऊन जात आणि परत येत, हेही मी पाहत होते.

एका कंत्राटदाराचा मुलगा होता, नववीतला, बोलण्यात निम्मी हिंदी. तो एकदा ऐटीत म्हणाला की लायब्ररीतलं सगळं वाचून झालं, अब कुछ बचा नहीं. मास्तर म्हणाले, "असं तू म्हणतोस," आणि त्यांनी त्याला रेल्वेचं जुनं वेळापत्रक खाकी कव्हर घालून दिलं. बोईसरला न थांबता पालघरला थांबणाऱ्या गाड्या शोधून आण, म्हणाले. आम्ही स्टाफरूममध्ये हसलो. तो मुलगा मात्र ते वेळापत्रक परत द्यायला तयार होईना. गोष्ट म्हटली की जांभया देणारा पोरगा, पण कुठली गाडी कुठे थांबवून कुठलीला पुढे काढतात ते तासभर सांगायचा. शेवटी शब्द अडला की तोच मास्तरांकडे अर्थ विचारायला जाऊ लागला.

माझा आणखी एक संशय होता, तो आजही गेलेला नाही. या माणसाने स्वतः एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नसावं. पहिली पाच-सहा पानं, मधली दोन, की मिटलं. मी एकदा तोंडावर विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, मी सगळं वाचलं तर मला राहवणार नाही, मी पोरांना गोष्ट सांगून टाकेन. मग ती कशाला वाचतील?" उत्तर तयार होतं. तयार उत्तराचा मला नेहमीच संशय येतो.

आता हिराबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय मास्तरांची गोष्ट सांगता यायची नाही.

हिरा माझ्या आठवीच्या वर्गात होती. तारापूरकडच्या कोळीवाड्यातून एसटीने यायची. आई बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. हिरा उंचपुरी, खणखणीत आवाजाची, गणितात तरबेज. वजाबाकी फळ्यावर मांडून होईपर्यंत हिचं उत्तर तयार. पण मराठीचा धडा वाचायची पाळी तिच्याजवळ आली की तिला खोकला यायचा. घसा धरून ती खाली बसायची आणि पाळी पुढे जायची. पहिल्यांदा मी पाणी पी म्हटलं. नंतर मी तिच्यावर नजर ठेवू लागले.

तिच्या दप्तरात कायम एक जाडजूड खाकी पुस्तक असे. वर्गातल्या हुशार मुलींकडची पुस्तकं असत तितकंच जाड. एकदा तिने ते तासाला बाकाखाली उघडलं होतं, ओठ हलत होते. मी जाऊन ते उचललं आणि माझ्या टेबलाशी आणून उघडलं. हिराचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आत नक्कीच काहीतरी नको ते आहे.

आत ससा होता. एक ससा, त्याची टोपी, आणि पानावर मोजक्या ओळी, प्रत्येक अक्षर बोराएवढं. पुढे एक मैना होती, तिच्यापुढे एक हत्ती. लहान मुलांची चार-पाच पातळ पुस्तकं एकत्र शिवून हे एक जाड पुस्तक केलेलं होतं. पहिली पानं काढून टाकलेली. 'छोट्या दोस्तांसाठी' असं काही जिथे छापलेलं असावं तिथे त्याच रंगाच्या कागदाची पट्टी चिकटवलेली. कडेला खळीचे निळसर डाग होते, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात त्याचे. मी पुस्तक मिटलं आणि हिराला परत दिलं.

मधल्या सुट्टीत मी मास्तरांकडे गेले. शाळेची पुस्तकं फाडण्याचा तुम्हाला अधिकार कोणी दिला, इथपासून मी सुरुवात केली. त्यांनी आधी हॉलचं दार लावलं.

"तिला वाचता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला संशय आहे, मला खात्री आहे. अक्षर लावते, पण शब्द हाती येईपर्यंत पहिलं अक्षर सुटतं. आता आठवीतल्या, माझ्याएवढ्या उंच मुलीच्या हातात मी सशाचं पुस्तक दिलं, तर ती ते कुठे उघडेल?"

मी म्हटलं, मग तिच्या पुस्तकाला कव्हर घाला, सगळ्या लायब्ररीला कशाला?

"तिच्याच पुस्तकाला घातलं तर कव्हर बघून कळेल की कोणाला येत नाही. असे आणखीही आहेत. मिशा फुटलेले आहेत." ते थांबले. "ती मला म्हणाली आहे, कोणाला कळलं तर शाळेत पाऊल टाकणार नाही. बाकी काही सांगितलं तर मी विश्वास ठेवला नसता. यावर ठेवला."

मी घरी गेले ती विचार करतच. माणूस चांगलं करतो आहे हे दिसत होतं, पण इतकं कोणी कोणासाठी उगीच करत नाही, असंही वाटत होतं. माझा स्वभावच तो. तरी मी त्या दिवसापासून हिराची वाचनाची पाळी गुपचूप टाळू लागले आणि तिचा खोकला बरा झाला.

बोभाटा झाला तो तिच्या मामामुळे. हा मामा बांधकामावर मुकादम होता. त्याने भाचीच्या हातात ते जाड पुस्तक पाहिलं, कुठलं म्हणून हातात घ्यायला गेला. हिराने ते छातीशी धरलं आणि पळत सुटली. मग काय, त्याचा संशय पक्का झाला. नाव झाकलेलं पुस्तक, तरण्या पोरीला दिलेलं, तेही एका पुरुष मास्तराने, आणि ती दाखवायला तयार नाही. बोईसरच्या बाजारात अशी गोष्ट मासळीच्या आधी खपते. चार दिवसांत दुसरे पालकही आपापल्या मुलींची दप्तरं तपासू लागले. त्यांना सापडलं त्यात वावगं काही नव्हतं, पण नाव नव्हतं, आणि लोकांना नाव हवं होतं.

शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष भाताच्या गिरणीचे मालक होते, सगळे त्यांना शेठ म्हणत. त्यांनी रविवारी सकाळी ड्रॉइंग हॉलमध्ये बैठक बोलावली. शेठ, मंडळाचे दोघे, हेडमास्तर, काही पालक. हिराची आई बाजार सोडून आली होती, मामा तिच्या शेजारी. हिरा पुस्तक घेऊन भिंतीला टेकून उभी, आणि वर्गशिक्षिका म्हणून मी तिच्या बाजूला. मास्तर कोट घालून कपाटासमोर उभे होते, कपाट कोणी पळवून नेईल अशा बेताने.

शेठनी सरळ सांगितलं की पोरीच्या हातातलं पुस्तक सगळ्यांसमोर उघडा आणि विषय मिटवा. मास्तर म्हणाले, उघडणार नाही. ज्याच्या नावावर पुस्तक दिलं त्यानेच ते उघडायचं, हा लायब्ररीचा नियम आहे. शेठ म्हणाले, मी शाळेचा अध्यक्ष आहे. मास्तर म्हणाले, "असं आपण म्हणता. पण पुस्तक आपल्या नावावर नाही."

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. मी पुढे होऊन बोलले. पुस्तक मी स्वतः आतून पाहिलं आहे, आक्षेपार्ह काही नाही, असं सांगितलं. त्यावर मंडळातला एकजण म्हणाला, मग दाखवायला काय हरकत आहे? आणि मामा आपल्या बहिणीला, मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला की ही घाटावरचीपन त्यांतलीच. वाद घालायला जागाच नव्हती. पुस्तक उघडलं असतं तर मास्तरांची नोकरी वाचली असती, पण हिरा पुन्हा त्या शाळेत आली नसती. न उघडलं तर मास्तर जाणार होते. शेठनी कागद पुढे सरकवला आणि राजीनामा लिहायला सांगितलं. मास्तरांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं.

तेवढ्यात हिराची आई म्हणाली, "वाच ना गो तू. सगल्यांना वाचून दाव. मंग कलंल काय हाय ते."

ती अभिमानाने बोलत होती. आपली पोर एवढं जाड बुक वाचते हे चारचौघांना दिसावं, एवढंच तिच्या मनात होतं. शेठ म्हणाले, हे ठीक. वाच, कुठूनही वाच.

हिराने पुस्तक उघडलं. खाकी कव्हर लोकांकडे, पानं तिच्याकडे. मी शेजारी होते म्हणून मला पान दिसत होतं. त्यावर टोपी घातलेला ससा होता. तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एका गावात एक बाई राहत होती."

सशाच्या पानावर बाई कुठेच नव्हती.

त्या बाईने म्हणे दांडीवर बोंबील वाळत घातले होते. रोज दुपारी थोडे कमी व्हायचे. शेजारची जाऊ, तिच्याशी वाटणीवरून बोलणं बंद झालेलं, तीच चोरते असा हिचा संशय. भांडणं झाली, मुलांचं एकमेकांकडे जाणं बंद झालं, सणाचं ताट बंद झालं. हिरा बोट सरकवत होती, ओळ संपली की खाली आणत होती, वेळेवर पान उलटत होती. सुरुवातीला तिची भाषा पुस्तकी होती, मग हळूहळू 'आहे'चं 'हाय' झालं. मंडळातल्या एकाने विचारलंच की पुस्तकात अशी भाषा कशी? मास्तर जागेवरूनच म्हणाले, "आता तशीही निघतात."

शेवटी ती बाई भर दुपारी टोपलीमागे लपून बसते. बघते तर तिचाच सासरा, म्हातारा, धड दिसत नाही त्याला. तो चाचपडत येतो, मूठभर बोंबील उचलतो आणि शेजारच्या दांडीवर नेऊन घालतो. घर वाटलं गेलं हे त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी दोन्ही दांड्या एकाच घरच्या होत्या. एकीवर जास्त झाले की तो दुसरीवर सारखे करत होता.

हिराने पुस्तक मिटलं. शेठनी घसा साफ केला आणि विचारलं, मग त्या दोघी बोलल्या का एकमेकींशी? हिरा म्हणाली, पान संपलं. शेठ म्हणाले की पुस्तक चांगलं आहे, नाव का काढून टाकलं ते कळत नाही, लेखक तरी कोण? मास्तर म्हणाले, "पहिलं पान फाटलंय." त्या पुस्तकाबद्दल एवढंच ते धडधडीत खरं बोलले आणि कोणाला कळलं नाही. राजीनाम्याचा कागद कोराच राहिला. जाताना शेठ सांगून गेले की हे पुस्तक सवडीने आमच्या घरी पाठवा, सुनेला द्यायचंय.

हिराची आई मात्र दारात घुटमळली. तिने मुलीकडे नीट निरखून पाहिलं. "आपल्या वाड्यातलं बुकात कसं आलं गो?" असं काहीसं पुटपुटली आणि डोक्यावरची टोपली सारखी करत निघून गेली. त्या बाईला सगळं कळलं होतं, असा माझा दाट संशय आहे. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही.

मला वाटलं होतं मास्तर आता हिराला शाबासकी देतील. ते भडकले होते. "वाचलं नाहीस," ते म्हणाले. "सभेला बनवलंस." हिरानेही ऐकून घेतलं नाही. "मंग काय करू? तुमाला काडलं असतं त्यांनी."

मास्तरांनी पेनाचं टोपण बसवलं. मग म्हणाले की शेठ पुन्हा विचारतील, तेव्हा आपल्या दोघांच्या बोलण्यात तफावत नको. रोज मधल्या सुट्टीत येऊन ती गोष्ट मला नीट सांगायची.

मग ते रोजचंच झालं. हिरा टेबलाच्या कडेवर बसून सांगायची, मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि वकिलासारखे अडवायचे. काल टोपली दाराशी होती, आज चुलीशी कशी गेली? सासऱ्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं की दोन्ही? ती वैतागून म्हणायची, "सर, तुमाला गोष्ट आयकायची का पंचनामा करायचाय?" मला वाटायचं, बिचारे शेठना घाबरले आहेत. शेठ त्या पुस्तकाबद्दल विसरूनही गेले होते. माझा आता संशय आहे की शेठचं ते नुसतं निमित्त होतं.

कारण माघ संपत आला तेव्हा मी मास्तरांना ड्रॉइंगच्या रिकाम्या तासाला काहीतरी लिहिताना पाहिलं. शाळेचं दरवर्षी हस्तलिखित निघायचं, त्याची सगळी अक्षरं तेच काढायचे, छापल्यासारखी. पण हे हस्तलिखित नव्हतं. मोठी, ठळक अक्षरं, दोन ओळींत भरपूर जागा, एका पानावर थोडंच. मी वाकून वाचलं. हिराची गोष्ट होती, हिराच्याच शब्दांत. 'हाय' तिथे 'हाय', 'नाय' तिथे 'नाय'.

मराठीची बाई म्हणून मला राहवलं नाही. मी म्हटलं, मुलांच्या हातात द्यायचं तर भाषा तरी शुद्ध करा. ते मान वर न करता म्हणाले, "शुद्ध केली तर तिला ती ओळखू कशी येईल?"

कागद शिवताना मी दोऱ्याला मेण लावून दिलं, एवढाच माझा हातभार.

पुस्तक तयार झालं तोवर वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. हिरा गणितात पहिली, मराठीत काठावर पास. निकालाच्या दिवशी ती ड्रॉइंग हॉलच्या दारावरून मैत्रिणींबरोबर चालली होती. पुस्तक टेबलावर होतं, खाकी कव्हर चढवलेलं. मी म्हटलं, तिला हाक मारते, आत्ताच द्या.

"सुट्टीत पुस्तक घरी जात नाही," मास्तर म्हणाले. "लोणच्याचे डाग पडतात. पहिल्या पावसात भिजतं. हरवलं म्हणून सांगतात."

मी म्हटलं, अहो, हे तिच्यासाठीच केलंत ना?

"म्हणून तर. जूनमध्ये देऊ. आणि देताना तिला काही सांगायचं नाही. सांगितलं तर ती वाचणार नाही, आठवेल." त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं.

मे महिन्यात ते त्यांच्या गावी गेले आणि तिथेच वारले. छातीत कळ आली, एवढंच कळलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हेडमास्तरांनी मुलांना मैदानात उभं केलं आणि दोन मिनिटं शांत राहायला सांगितलं. कपाटाची चावी माझ्याकडे आली.

हिरा नववीत आली होती. मी तिला बोलावून ते पुस्तक दिलं. मास्तरांनी बजावल्याप्रमाणे काहीच सांगितलं नाही. ती मधल्या सुट्टीत हॉलमधल्या बाकावर बसली. मी वह्या तपासत असल्याचं दाखवत होते. तिचे ओठ हलत होते, बोट हळूहळू सरकत होतं. कुठे अडत होतं, मागे येत होतं, पुन्हा पुढे जात होतं. मग ते थांबलं. तिने पुस्तक मिटून कव्हर बघितलं, मागची बाजू बघितली, पुन्हा उघडलं आणि भुवया आक्रसून वाचू लागली. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग ती उठून माझ्या टेबलाशी आली.

"बाई, हे कोनी लिवलं?"

का गं, असं मी विचारलं.

"ही माजी गोष्ट हाय. सरांनी माज्याकडून आयकली नि बुकात घातली. मला इचारलं पन नाय."

ही वाचते आहे की आठवते आहे, हा संशय माझ्या मनात आलाच. मी म्हटलं, तुझीच गोष्ट आहे तर तुला ती पाठच असेल.

"पाठ कशी असंल?" तिने पानावर बोट आपटलं. "हितं मांजर हाय. हे बगा. म्हातारा बोंबील उचलतो नि मांजर त्याच्या पायात येते. माज्या गोष्टीत मांजर नव्हतीच कदी. मांजर असती तर दांडीवर बोंबील ऱ्हायले असते काय?"

मी वाकून पाहिलं. त्यांच्या सुंदर, ठळक अक्षरांत तिथे मांजर होतं. टोपली दाराशी की चुलीशी यावरून आठवडाभर वाद घालणारा माणूस चुकून गोष्टीत मांजर घालेल, यावर माझा विश्वास नाही. गोष्ट आठवून म्हणणारी मुलगी त्या ओळीवरून सरळ पुढे गेली असती.

मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला. जन्मभर ज्याने कोणी 'वाचलं' म्हटलं तर ते खरं मानलं नाही, त्याने ही एक मुलगी बघायला हवी होती. एक नियम मोडला असता, निकालाच्या दिवशी तिला हाक मारू दिली असती, तर ते गावी जायच्या आधी एखादे दिवशी बाजारात आईशेजारी बसलेली ही पोर त्यांना रस्त्यात अडवून भांडली असती. माझे डोळे भरून आले. हिराला वाटलं, ती ओरडली म्हणून.

"सर असते तर त्यांनाच इचारलं असतं मी," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. आणि ते नव्हते, म्हणून ती माझ्याशी भांडली. मांजर कोणाला विचारून घातली, आता ती काढता येईल का, पुढच्या पानावरही तीच असेल का. मी तिला भांडू दिलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलं वर्गात गेली, तरी ती त्या ओळीवर बोट ठेवून उभी होती.